मिनेसोटाचे मुदखेडकर काका

हैदराबादेत तारनाक्याच्या आमच्या गल्लीतून कोणीही अमेरिकेला निघालं, की आदल्या दिवशी मुदखेडकर काका त्याच्या घरी जाऊन त्याला मिनेसोटाची माहिती देत. जाणारा टेक्सासला चाललाय की न्यू जर्सीला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. समोरच्या रेड्डींचा मुलगा कॅलिफोर्नियाला निघाला, तेव्हा काकांनी त्याला पाऊण तास समोर बसवून उणे तीसच्या थंडीत गाडीचं इंजिन विजेला जोडून कसं ऊबदार ठेवतात ते समजावलं. तो बिचारा समुद्रकिनाऱ्यावर राहायला चालला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जाताना काकांच्या पाया पडला.

काका स्वतः मिनेसोटाला कधीच गेले नव्हते. घराणं निजामाच्या काळापासून इथलं, नोकरी रेल्वेच्या टाइमटेबल विभागात, आणि आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास नागपूर, तोही कोणाच्या तरी लग्नाला. मी पुण्याहून कंपनीच्या कामाला म्हणून आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो. तेव्हापासून माझं नाव 'पुणेकर' पडलं ते पडलंच. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की ते जिन्यातच गाठत आणि म्हणत, "पुणेकर, आज तिकडं उणे अठरा." मी अजून पाठीवरची बॅगही उतरवलेली नसे. तेव्हा वैताग यायचा; आता त्या संध्याकाळी आठवल्या की बरं वाटतं.

हळूहळू ते राज्य मला पुण्याच्या पेठांपेक्षा जास्त पाठ झालं. उत्तरेला पाइनची जंगलं आणि लोखंडाच्या खाणी, दक्षिणेला मका आणि सोयाबीन. तळी दहा हजार म्हणतात, पण मोजली तर जास्तच भरतात. "म्हणजे माणसं कशी, बघा. असलेलं कमी करून सांगणारी," हा काकांचा निष्कर्ष. मिसिसिपी तिथंच उगम पावते आणि उगमाशी इतकी लहान असते, की दगडांवर पाय देत पलीकडे जाता येतं. मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं. "आपलं हैदराबाद-सिकंदराबाद घ्या. मधे पाणी, आणि दोघांनाही वाटतं खरं शहर आपणच. काही फरक नाही." मी थंडीचा फरक दाखवून दिला, तर म्हणाले, "हौ, तेवढं सोडा."

तिथल्या माणसांच्या स्वभावावर तर त्यांचा फार जीव. ताटलीतला शेवटचा तुकडा तिथं कोणी उचलत नाही. जो तो त्यातलाच अर्धा घेतो आणि शेवटी कणी उरते. निरोप घ्यायला उठलेली माणसं दारात आणखी अर्धा तास बोलत उभी राहतात. आणि न आवडलेल्या पदार्थाला ती वाईट म्हणत नाहीत, "वेगळं आहे" म्हणतात. ही शेवटची रीत काकांनी स्वतःच उचलली. माझ्या बायकोच्या हातची गूळ घातलेली आमटी चाखून ते म्हणाले, "ताई, वेगळी आहे." ती दोन दिवस खुशीत होती. तिसऱ्या दिवशी मी तिला मिनेसोटाचा स्वभाव समजावला. तो समजावला नसता तर बरं झालं असतं.

त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली तिथं राहते, हे गल्लीला ठाऊक होतं. पण मुलं परदेशी असलेले आईबाप आमच्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यातलं कोणी राज्याचा असा अभ्यास करत नाही. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. रिकाम्या माणसाला लागलेला छंद, असं धरून आम्ही हसत राहिलो.

मग वैशालीला दिवस राहिले. बाळंतपण जानेवारीत. तिच्या सासूबाईंची तब्येत प्रवासाची नव्हती. काकांनी जाहीर केलं, "मी जाणार." आणि ते डिंकाचे लाडू करायला शिकू लागले. पहिल्या खेपेला डिंक नीट फुललाच नाही. तो लाडू मी खलबत्त्यात फोडून खाल्ला आणि "वेगळा आहे" म्हणालो. काका गंभीरपणे परत कढईकडे वळले.

व्हिसाच्या मुलाखतीची तयारी मी अंगावर घेतली. या विषयात मी स्वतःला जाणकार समजतो. "काका, बाळंतपणाचं नाव काढायचं नाही. त्यांना वाटेल, हा माणूस नातवंड सांभाळायला तिथंच राहील. फिरायला चाललोय म्हणायचं."

"खोटं कशाला बोलायचं जी?"

"खोटं कुठंय? फिरणार नाही का तुम्ही?"

त्यांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आठ दिवस गच्चीवर तालीम झाली. शहराबाहेर व्हिसासाठी नवस बोलतात त्या 'व्हिसाच्या बालाजी'ला काका अकरा प्रदक्षिणा घालून आले. व्हिसा मिळाला की एकशे आठ घालायच्या, ही इथली रीत.

मुलाखतीला अमेरिकन वकिलातीत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून त्यांचा फोन घेऊन मी बाहेर फुटपाथवर थांबलो. तासाभरानं तो वाजला. वैशाली होती, तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते.

"दादा, बाबा आत गेले का? त्यांना सांगा, नाही मिळाला तरी वाईट वाटून घेऊ नका."

मी धीर द्यायला म्हणालो, "मिळेल गं. तुझ्या राज्याची माहिती त्यांच्याइतकी कोणाला नाही."

ती म्हणाली, "दादा, आई होती तेव्हा फोनवर तीच बोलायची. बाबा मागून नुसता हात हलवायचे. ती गेल्यावर पहिल्या रविवारी बाबांनी फोन लावला आणि आम्हा दोघांना काही बोलायलाच सुचेना. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्याकडं तळी किती आहेत? मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनीच वाचून सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी काहीतरी वाचून ठेवतात. मला पुष्कळसं आता माहीत असतं, पण मी विचारते."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत होतो, याची लाज वाटली. बाबा आले की फोन करायला सांगतो, म्हणून मी फोन ठेवला.

काका अर्ध्या तासानं बाहेर आले. चेहरा उतरलेला. "पुणेकर, घोटाळा झाला. साहेबानं विचारलं, कशाला चाललात? मी म्हटलं, तळी बघायला. तो म्हणाला, जानेवारीत?"

तळी बघायला हे उत्तर आठ दिवसांच्या तालमीत मीच बसवलं होतं; जानेवारीत ती गोठतात हे मला सुचलं नव्हतं, आणि ज्यांना ते पाठ होतं ते माझं ऐकून बसले होते.

"मग?"

"मग मी म्हटलं, साहेब, चूक झाली. पोरगी बाळंत होणार आहे, पहिली वेळ. तिची आई असती तर ती आली असती. मला काही येत नाही, पण मी तिच्याजवळ बसेन."

"काय म्हणाला?"

"काही नाही. पासपोर्ट ठेवून घेतला."

पासपोर्ट ठेवून घेतात ते त्यावर व्हिसा लावायला. नाकारला असता तर हातात परत दिला असता. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. मग ते फुटपाथच्या कठड्यावर बसले आणि फोनसाठी हात पुढे केला.

"येतोय," एवढंच ते वैशालीला म्हणाले. मी थोडा बाजूला सरकलो. पलीकडून ती रडत असावी, कारण काका फोन कानाशी धरून नुसते बसून होते. या वेळी मात्र तळ्यांचा विषय दोघांपैकी कोणालाच काढावा लागला नाही.