ताशी दोनशे चौदाचा चेंडू

त्या सकाळी भातकुलीच्या शाळेमागच्या मैदानावर बेसबॉलचे दोन चेंडू, एक बॅट, दोन ग्लोव्ह, एक ड्रोन, अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक शाल, एक नारळ आणि गुलाबाच्या पाकळ्यांनी भरलेली एक परात होती. खेळाडू दोन होते: चेंडू फेकणारा धम्मदीप आणि तो झेलणारा त्याचा मित्र ईशान. उरलेले सगळे पाहुणे.

अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजच्या कोचने मागितलं होतं ते फार थोडं. दोन मिनिटांचा व्हिडिओ, बाजूने घेतलेला, चेंडू हातातून सुटल्यापासून ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत नीट दिसेल असा. वेग ताशी एकशे तीस किलोमीटरच्या वर असेल तर फी माफ, खाली असेल तर शुभेच्छा. मुदत सोमवारपर्यंत. धम्मदीपचा वेग आजवर कोणी मोजलेला नव्हता, कारण मोजायचं यंत्र त्याच्या ओळखीत कोणाकडेच नव्हतं.

हे काम मोबाईलवर झालं असतं. पण पोरगा अमेरिकेला जाणार आणि व्हिडिओ मोबाईलवर, हे त्याच्या वडिलांना, पंचायत समितीतल्या श्रावणरावांना, पटेना. त्यांनी गोपालला बोलावलं. भातकुलीपासून चांदूर रेल्वेपर्यंत लग्नांचे व्हिडिओ गोपालच काढायचा. शूटिंग आहे म्हटल्यावर पाहुणे आले, आणि पाहुणे आल्यावर सत्कार आला.

"सत्कार काही केल्यावर करतेत," धम्मदीपची आई शालूबाई म्हणाल्या. "पोट्ट्यानं अजून काय केलं?"

"मंग काय पाहुण्याइले अमेरिकेत बोलावू?" श्रावणराव म्हणाले.

सत्कार दोघांचा झाला. धम्मदीपला नारळ मिळाला आणि त्याला जन्म दिल्याबद्दल श्रावणरावांना शाल. मग गोपालने धम्मदीपला उन्हाकडे तोंड करून हळूहळू चालत यायला लावलं, चेंडूकडे प्रेमाने बघायला लावलं, आणि ऊन फार चढल्यावर थोडे चेंडूही फेकू दिले.

शुक्रवारी व्हिडिओ तयार झाला. नऊ मिनिटांचा. सुरुवातीला दोन मोर येऊन धम्मदीपचं नाव उघडत होते. नंतर पाकळ्या, नंतर शाल. चेंडू सातव्या मिनिटाला सुटला आणि इतक्या सावकाश निघाला, की ईशानने मध्ये चहा घेऊन परत येऊन तो झेलला असता. पाहुण्यांना व्हिडिओ फार आवडला. एका आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गोपालभाऊ," धम्मदीपने विचारलं, "चेंडू काहून असा चालून राहिला?"

"स्लो मोशन हाय लेका. नवरदेव बी मी असाच चालवतो."

"नवरदेवाचा वेग कोणी पाहत नाही, भाऊ. माहा पाहणार हायेत. मूळ व्हिडिओ दे."

गोपालने मान खाजवली. "कार्ड एकच हाय नं माह्यापाशी. त्याच्यावर आता बार्शीटाकळीची हळद हाय."

तेव्हा संथ केलेला चेंडू पुन्हा पळवणं एवढाच मार्ग राहिला. मुळात तो किती पटीने संथ केला होता, हे गोपालला सांगता येईना. तो चाल बघून करायचा. म्हणून पळवलाही नजरेनेच. धम्मदीप म्हणायचा थोडा कमी कर, श्रावणराव म्हणायचे थोडा वाढव, आणि पैसे श्रावणराव देणार होते. "आता कसा पोट्टा दिसून राहिला," असं ते म्हणाले, तेव्हा गोपाल थांबला. मोर काढले. शाल मात्र श्रावणरावांनी काढू दिली नाही. व्हिडिओ त्याच रात्री कोचला गेला.

शनिवारी सकाळी कोचचं उत्तर आलं. सभ्य होतं. त्याच्या मदतनिसाने एकेक चित्र मोजून वेग काढला होता: ताशी दोनशे चौदा किलोमीटर. आजवर कोणत्याही माणसाने टाकलेला सर्वांत वेगवान चेंडू एकशे सत्तरच्या आसपासचा आहे, असंही त्याने नमूद केलं होतं. शाल पांघरलेले गृहस्थ कोणत्या जागी खेळतात, असं विचारलं होतं. आणि शेवटी, सोमवारपर्यंत यंत्राने मोजलेला वेग पुराव्यासह आला नाही, तर नाव यादीतून काढू, असं लिहिलं होतं.

धम्मदीप जेवला नाही. श्रावणरावांनी शाल कपाटात ठेवली. शालूबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि मावसभावाला फोन लावला. देवमन वाहतूक पोलिसात हवालदार होता आणि त्याची ड्यूटी अकोला रस्त्यावर, वेग मोजायच्या मशीनपाशीच असायची.

रविवारी चौघेजण आणि गोपाल तिथे पोचले. गोपालला हात खिशात ठेवायच्या अटीवर आणलं होतं. देवमनने बाजूच्या कच्च्या रस्त्यावर मशीन लावलं. पहिल्या चेंडूला बासष्ट आले. मग कळलं, की तो मागून गेलेला ट्रक होता. मशीन कपाशीच्या वावराकडे वळवलं. पुढच्या चेंडूला आकडा चमकला आणि कोणी वाचायच्या आत गेला.

"असं नाही टिकत, भाऊजी," देवमन म्हणाला. "गाडीचा नंबर टाकल्याबिगर हे नोंद ठेवत नाही. अन् चेंडूले नंबर प्लेट नाही."

श्रावणरावांनी आयुष्यात कधी सिग्नल तोडला नव्हता. रस्ता रिकामा असला तरी ते हिरव्याची वाट बघत, आणि मागच्यांच्या शिव्या खात. त्यांनी झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्या स्कूटरकडे पाहिलं.

"माह्या गाडीचा टाक."

"चालान येईन तुमच्या नावानं."

"येऊ दे."

"भाऊजी, ऑफिसात काय सांगसान? त्या स्कूटरनं कधी चाळीस नाही पाह्यले."

"तू नंबर टाक, देवमन."

शालूबाईंनी मोबाईल आडवा धरला, मशीन आणि पोरगा दोन्ही दिसतील असा. ईशान ग्लोव्ह लावून बसला. धम्मदीपने हात पँटला पुसला, पाय उचलला आणि फेकला. ग्लोव्हचा आवाज झाला, तसा ईशान मागे मातीत बसला. देवमनने बटण दाबलं.

थोड्या वेळाने श्रावणरावांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि मेसेज सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

"वाहन, दुचाकी. ठिकाण, अमरावती–अकोला रस्ता. नोंदलेला वेग, ताशी एकशे तेहतीस किलोमीटर."