गफूरचाचांचा पाला

तणनाशक विकणारा माणूस तणाला जपताना पाहायचा असेल, तर आमच्या सोनाळ्यात गफूरचाचांच्या कृषी केंद्रात यावं. काउंटरवर बीटी कपाशीच्या पाकिटांची चळत आणि चाचांच्या शर्टाच्या खिशात मातीसकट उपटलेलं काहीतरी हिरवं. औषधाचा डबा देताना गिऱ्हाइकाला बजावतील, "वावरात मार, पण धुऱ्याले, बांधाले हात नोको लावू बे. तिथलं मले लागते." असं दुकान खरं तर बुडायला हवं. पण बोंडअळीनं सगळ्यांचं तोंड कडू केलं त्या वर्षी गावाला हसायला चाचा तेवढे उरले होते.

हे खूळ लागलं जमिलाचाची लकव्यानं अंथरुणाला खिळल्यावर. चाची शेळ्यावाल्यांची लेक, लहानपण गायरानात गेलेलं. माळावरच्या काडीकाडीचं नाव नि उपयोग तिला तोंडपाठ. हातपाय पुढे थोडे हलू लागले, पण वाचा येईना. डॉक्टर म्हणत, बोलतं करा. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मग चाचांनीच गवत शिकायला घेतलं. मन रमवतात बिचारे, असं आम्ही धरून चाललो.

शिकणं कसलं! कंबरमोडी दाखवून म्हणायचे, "हा माका. तेलात उकळला का केस काळेभोर. गॅरंटी!" स्वतःच्या डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे तपासणार कोण? जिचं कुसळ शेळीच्या जबड्यात रुततं, ती कुसळी म्हणे शेळीचा मेवा. मी रीतसर समजावलं, "चाचा, कंबरमोडी जखमेवर चोळतात, रक्त थांबतं." "हाव, बरोबर," म्हणून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माकाच! मला चुकीचं सोसत नाही, हा माझा जुना रोग. एका संध्याकाळी सगळी रोपं मुळासकट घेऊन मी त्यांचं घर गाठलं. आज शिकवूनच परतायचं.

ओसरीवर चाची बाजेला टेकून बसली होती. चाचा तिच्यापुढे तरोट्याची फांदी नाचवत होते. "देख जमिला, ये घोळ. भाजी बनाऊँ?"

मी तोंड उघडलं, तोच चाचांनी हात मागे करून मला थोपवलं. चाचीच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओठ वाकडे झाले, जीभ अडखळली. "त... तरो... टा."

"अरे हाँ, तरोटा!" चाचांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "दुकानात तं मी चुकायची तालीम करतो. मले सारे नावं ठाऊक हायेत बे. तिनंच शिकवले, नवं लगन झालं तवा. पण मी बरोबर सांगतलं, तं ती काऊन बोलीन?"

चाचांनी माझ्याच हातातला आघाडा ओढून घेतला आणि तिच्यासमोर धरला. "और ये गोखरू."

"पागल!" चाची कडाडली. एका दमात, स्वच्छ.

चाचांचे डोळे भरून आले. "ऐकलं ना बे?" ते मला म्हणाले. "हा नवा शब्द हाय."