गुणाकररावांचा हॅनोव्हेरियन

"घोडा म्हणजे हॅनोव्हेरियन! बाकी सगळी चार पायांची हमाली!" हे वाक्य बालाघाटात ज्यानं ऐकलं नसेल, तो माणूस बहिराच असणार. गुणाकरराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि मोबाइलवर अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या परदेशी जातींच्या घोड्यांच्या स्पर्धा बघू लागले. जन्मात कधी घोड्यावर बसले नव्हते. पण होल्स्टायनर पुढचे पाय कसे दुमडतो आणि डच वॉर्मब्लडच्या मागच्या पायात किती ताकद, हे ते दूधवाल्यालाही ऐकवत.

मुलगा अनिशचं लग्न कटंगीच्या पौर्णिमाशी ठरलं. तिचे वडील गजेंद्रराव म्हणाले, "वरातीले घोडी आमच्याइथंच आहे."

"बँड वाजला का नाचते, तेच न?" गुणाकररावांनी नाक मुरडलं. "तिले काय घोडं म्हणते? माहा पोरगा हॅनोव्हेरियनवर येणार!"

"अहो, पोराचं लगन आहे, सर्कस नाही," बायको आशालताबाई म्हणाल्या.

"तुले काय समजते त्यातलं!" झालं, विषय संपला.

नागपूरच्या कुठल्याशा घोडेस्वारीच्या क्लबातून निवृत्त झालेला, उड्यांची पदकं मिळवलेला घोडा ट्रकमधून आला. उंच, काळाभोर, अगदी अस्सल! साहेबानं नव्या शिपायाकडे बघावं तसा तो अनिशकडे बघत होता.

"बाबा, मले उतरवा न!" वरातीत पाठीवर बसल्याबसल्या अनिश कळवळला.

"गुपचूप बस! जातिवंत आहे तो. त्याले सगळं समजते!"

समजत तर होतंच. वरात मांडवाच्या दारात पोचली. रीतीप्रमाणे पौर्णिमाच्या बहिणींनी दार अडवलं होतं. फुलांनी मढवलेल्या दोन खांबांमध्ये लाल फीत ताणलेली. नवरदेवानं ती कापायची आणि मग आत यायचं.

घोड्यानं काय पाहिलं? सजवलेले दोन खांब, मध्ये आडवी पट्टी आणि भोवती टाळ्या पिटणारी गर्दी! बिचाऱ्याला आयुष्यभर दुसरं दाखवलं होतं काय? त्यानं कान टवकारले, चार ढांगा टाकल्या आणि उडी! मुली किंचाळत खाली बसल्या. फितीला केसही लागला नाही. पुढे सोफा. उडी! जिलेबीचं टेबल. उडी! या उडीला घोडा पुढे गेला आणि अनिश मागे राहिला, तो थेट मठ्ठ्याच्या भल्यामोठ्या गंजात.

घोडा स्टेजपाशी थांबला आणि मान वाकवून शाबासकीची वाट पाहू लागला.

गुणाकरराव धावत आले. "पाह्यलं? क्लीअर राउंड! एक दांडी नाही पडली!"

"दांडी नाही पडली, पोरगं पडलं!" आशालताबाई कडाडल्या.

गजेंद्ररावांनी शांतपणे विचारलं, "मंग पोरगं पडलं तं किती गुण कटते, व्याहीबुवा?"

अशा वेळी शहाणा माणूस तोंड मिटून बसतो. पण कुणी नियम विचारला आणि गुणाकरराव गप्प राहिले, असं कधी झालंय?

"गुण कायचे कटते! सवार पडला का सीधा बाद!"

स्वतःच्या मुलाला भर मांडवात बाद ठरवणारा वरबाप कटंगीनं पहिल्यांदाच पाहिला. गजेंद्ररावांनी मुलीकडे पाहिलं. अनिशनंही पाहिलं, मिशीवरचा मठ्ठा पुसत. आता लग्न राहतं की मोडतं?

पौर्णिमा हार घेऊन स्टेजवरून उतरली, सरळ गंजापाशी गेली आणि तो हार अनिशच्या गळ्यात घातला.

"नवरदेव चालते मले, पप्पा," ती म्हणाली. "सासऱ्याले बाद करा!"

हा निकाल दोन्ही पक्षांनी टाळ्या वाजवून मंजूर केला. आशालताबाईंनी जरा जास्तच वाजवल्या!