हरणीनं तोंड फिरवलं

सबनीसकाका लिफ्टमध्ये शिरले की आधी छताकडे बघायचे, मग आपल्याकडे. दोघांवरही विश्वास नाही, असा चेहरा.

दुबईच्या करामा भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ते राहत. विमा कंपनीत सर्व्हेअर होते. कुठे आग लागली, माल बुडाला की खरं-खोटं करायला हे हजर. ‘यात गोम आहे’ हे वाक्य तोंडी इतकं बसलेलं, की माझ्या लग्नाची पत्रिका वाचूनही तेच म्हणाले.

एका शुक्रवारी त्यांनी दार ठोठावलं. “गाडी काढ. म्युझियमवाल्यांनी पेला बदललाय!”

शारजातल्या त्या लहानशा म्युझियममध्ये ते हल्ली दर शुक्रवारी जात, हे मला तेव्हा कळलं. काचेच्या कपाटात हजारेक वर्षांपूर्वीचा काचेचा पेला होता. त्यावर तपकिरी रंगात काढलेली हरणी. उजव्या हाताला दुसऱ्या पेल्याचा फुटका तुकडा, त्यावर पाडस.

“मागच्या शुक्रवारी ही उजवीकडे बघत होती, आज डावीकडे. अस्सल माल गेला, नक्कल ठेवली!”

“हबीबी, काच को हाथ नहीं,” पहारेकरी ओरडला आणि आतून अधिकारी बाईंना घेऊन आला. काकांची तक्रार ऐकून बाई हसल्या. साफ करताना पेला फिरवून ठेवला गेला होता. हरणी मागच्या बाजूला गेली आणि आता पेल्याच्या काचेतून आरपार दिसत होती, म्हणून तोंड उलटं.

काका कपाटामागे गेले. गुडघ्यांवर बसून त्यांनी खात्री केली. आता ओशाळतील, असं मला वाटलं.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “प्लीज, पूर्वीसारखा ठेवा ना. ती पिल्लाकडे बघत होती.”

“इन्शाल्ला,” बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

परतताना काका म्हणाले, “आमची मुग्धा कॅनडाला गेली रे, शिकायला. तिची आई गेल्यावर मीच वाढवली. एअरपोर्टवर ‘बाबा, बाय’ म्हणाली. मी तिच्या बॅगेचा टॅग बरोबर आहे का, ते तपासत होतो. मान वर केली, तर पोरगी आत गेलेली.”

करामात बिल्डिंगखाली गाडी लावली, तरी ते उतरले नाहीत.

“जरा बसूया?” त्यांनी विचारलं.

मी एसी चालू ठेवला.