सुकुमारचं वैराग्य

सुकुमार बेटावरून पलूसला परतला, तेव्हा त्याच्या आईला, गुणमालाबाईंना, आधी तो ओळखूच आला नाही. उवांपायी डोकं तुळतुळीत केलेलं, अंगावर हाडं तेवढी शिल्लक. महायुद्ध संपल्यावरच्या त्या हिवाळ्यात तो कॉलेजातल्या एका साहेबाबरोबर अरबी समुद्रातल्या एका खडकावर पक्षी मोजत होता. कशासाठी, हे पलूसमध्ये कुणालाच कळलं नव्हतं. साहेबाला तरी कळलं होतं की नाही, देव जाणे.

सकाळी आईनं पाट मांडून ताट वाढलं. पोरानं भाकरी हातावर घेतली, भाजी तिच्यावरच घेतली आणि उभ्यानंच खाऊन मोकळा झाला. बेटावर खाली ताट ठेवलं की खेकडे यायचे, त्याची ही सवय.

"बस की रं लेका!"

"ऱ्हाऊ दे आई. असंच बरं वाटतंय."

"आन् सांजचं काय करू?"

"सांजचं नको. मी एकदाच खातो आता."

गुणमालाबाईंचा हात पिठातच थांबला. दिवसातून एकदा, उभ्यानं, हातावर घेऊन कोण जेवतं, हे जैनाघरच्या बाईला सांगावं लागत नाही. मुनिमहाराज! मग त्यांना एकेक दिसू लागलं. पोरगा गादी सोडून फळीवर झोपतो. चालताना जमिनीवरची नजर काढत नाही. आणि केस? ते तर गेलेलेच!

शेजारचा बाळासो आत डोकावला. "काकू, तुमचा सुकुमार मुंगीबी चुकवून चाललाय. भाग्यवान हाय तुमी!"

"गप, मेल्या!" म्हणून गुणमालाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पोरगा धर्माला लागला याचा अभिमान वाटायला हवा होता. पण तो एकुलता एक. सांगलीच्या कस्तुरीशी सुपारी फुटलेली.

बाळासो गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत गेला. तिथं तो गप्प बसला असता, तर बाळासो कसला? दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं कस्तुरीचे वडील जिनदत्त दारात हजर.

"धर्माच्या आड आमी येनार न्हाई," ते पडेल आवाजात म्हणाले. "पर दीक्षा घ्यायची व्हती, तर सुपारी कशाला फोडली?"

"कुनाची दीक्षा?" सुकुमारनं विचारलं. मग सगळं कळल्यावर त्याला घामच फुटला. त्यानं खेकडे सांगितले, उवा सांगितल्या, पाण्याच्या टंचाईनं दिवसातून एकदाच शिजायचं आणि झोपायला फळीच असायची, तेही सांगितलं.

"मग खाली बघून का चालता?"

"तिथं पाऊल टाकावं तिथं अंडी असायची, मामा!"

गुणमालाबाई उठल्या आणि त्यांनी पोराचा कानच धरला. "अंडी? खाल्लीस व्हय रं?"

"मोजली गं! णमोकार मंत्राची शपथ, एकबी खाल्लं न्हाई!"

"ह्यापरास मुनी परवडला असता," जिनदत्त पुटपुटले. "बसा बघू पाटावर. जेवून दावा."

सुकुमार मांडी घालून बसला आणि भाकरी संपवत गेला. चौथ्या भाकरीला जिनदत्तांची खात्री पटली. पण लगेच त्यांचा चेहरा पुन्हा उतरला.

"आता घरी काय सांगू? नेमिनाथ मांडवातनं वैराग्याला गेले, तवा त्यांच्या मागनं त्यांची नवरी राजुलमती गेली. मीबी तशीच जानार म्हनून कस्तुरी कालपास्नं पांढरं लुगडं नेसून उपाशी बसलीया."

सुकुमार हात न धुताच मोटारीकडे धावला. मोटार वाटेत दोनदा बंद पडली. सांगलीत पोचला तेव्हा उन्हं कलली होती. कस्तुरी ओसरीवर माळ घेऊन बसली होती, ओठ सुकलेले.

"मी दीक्षा घेत न्हाई!" तो दारातूनच ओरडला.

"खरं?"

"तुझ्या गळ्याशपथ!"

कस्तुरीनं माळ ठेवली. "आई," तिनं आत हाक मारली, "माझं हिरवं लुगडं काढ. न्हाई, आधी भाकरी टाक. दिवस मावळला तर खाता येनार न्हाई, आजबी उपास घडंल!" मग त्याच्याकडे बघता बघता तिला रडू फुटलं. "पुन्यांदा त्या बेटावर गेलासा, तर मी खरंच जाईन."

सुकुमारनं घाईघाईनं मान हलवली. पुढच्या हिवाळ्याचा होकार साहेबाला देऊन आलोय, हे सांगायला ती वेळ काही बरी नव्हती.