फळ्याला आलेली नोटीस

लोटूआप्पांच्या फळ्यावरची बातमी खोटी ठरवील असा माणूस अख्ख्या सुरतेत नाही, असं खुद्द लोटूआप्पाच सगळ्यांना सांगत. चाळीस वर्षं कापड विणायच्या लूमवर काढली, साठाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली आणि बासष्टाव्या वर्षी त्यांनी सोसायटीच्या फाटकाशी काळा फळा टांगला. त्यावर रोज सकाळी एक बातमी! एकच, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. ऐकीव बातमी लिहायची म्हटली की त्यांचा खडूच मोडायचा.

त्या दिवशी त्यांनी लिहिलं: 'भगवानभाईंनी आपल्या गटारीचे भूमिपूजन तिसऱ्यांदा केले. नारळ तीन झाले. गटार एकही नाही.'

भगवानभाई म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक. पांढरी गाडी, पांढरे बूट आणि नोटिसा पाठवायची दांडगी हौस! त्यांच्याविषयी छापलं म्हणून एका पेपराला नोटीस गेली, तो पेपर गप्प झाला. एका यूट्यूबवाल्याला गेली, तर तो दुसऱ्या दिवसापासून ढोकळा कसा करावा ते दाखवू लागला!

आणि त्याच दुपारी वकिलाचा माणूस मोटारसायकलवरून आला आणि लोटूआप्पांच्या हातात जाडजूड पाकीट ठेवून गेला. बी. कॉम. झालेली सून सुवर्णा फाटकाशी उभी राहून वाचू लागली.

"'आपल्या वृत्तमाध्यमाने आमच्या अशिलांची घोर बदनामी केली असून...'"

"आपल्या कशानं?"

"वृत्तमाध्यमानं. म्हणजे ह्या फळ्यानं, आप्पा."

लोटूआप्पांनी फळ्याकडे पाहिलं. बंद पडलेल्या लूमच्या खात्याचं जुनं दार कापून केलेला तो फळा! त्यांनी नकळत डोक्यावरची टोपी सरळ केली.

"भरपाई मागितलीय पाच कोटी."

त्यांची बायको पुष्पाबाई मटकन खाली बसली. "हाई काय शे? इतल्या पैशात तर आख्खी सोसायटी इकत येई, वर गटारबी बांधाई जाई!"

सुवर्णाने पुढचं वाचलं. पंधरा दिवसांत त्याच फळ्यावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माफी लिहावी. आणि प्रकरण मिटेपर्यंत मूळ मजकूर पुरावा म्हणून जसाच्या तसा राखावा. एक अक्षर जरी पुसलं गेलं, तरी पुसणाऱ्यावर वेगळी केस!

"त्याच जागी लिहायचं, पण आधीचं पुसायचं नाही?" लोटूआप्पा थक्क झाले. "वकील फार मोठा असला पाहिजे. आपल्याला काही समजतच नाही!"

सोसायटीचे सेक्रेटरी योगराज चप्पल न घालताच धावत आले. "आप्पा, पंधरा दिवसांत हे मिटवा. नाहीतर फळा खाली उतरेल आणि पुन्हा चढणार नाही. सोसायटीला कोर्टाची पायरी नको!"

"पण योगराज, खोटं काय लिहिलं ते तरी सांग. आत्ता माफी लिहितो."

"खोटं काहीच नाही. तीच तर अडचण आहे!"

पाच कोटी लोटूआप्पांनी कधी पाहिले नव्हते, त्यामुळे त्यांची तेवढी भीती वाटेना. पण सकाळी उठावं, खडू घ्यावा आणि जायला फळाच नसावा? आयुष्यभर जी अक्षरं मिळाली नाहीत, ती मिळाल्यावर ठेवायची कुठे?

तोवर पुरावा राखायचं ठरलं. फळ्यावर पारदर्शक प्लास्टिक लागलं. पाळ्या लागल्या. सकाळी पुष्पाबाई, दुपारी उज्ज्वला शिंपीण, संध्याकाळी लोटूआप्पा. एरवी दुसऱ्या दिवशी पुसली गेली असती ती बातमी आता हलेचना!

पाच कोटींचा फळा म्हणून माणसं बघायला येऊ लागली. कतारगामहून हिरे घासणारे आले. रविवारी चलथाणच्या साखर कारखान्यातले कामगार टेम्पो भरून आले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना लोटूआप्पा ओळ न् ओळ मोठ्याने वाचून दाखवत. माणसं चपला काढून ऐकत! कुणी हार घातला, कुणी हळदकुंकू वाहिलं. एक म्हातारबा पिशवीतून नारळ काढून फोडायला वाकले, तसे लोटूआप्पा किंचाळले, "नारळ नको, बाबा! पुराव्यातला आकडा बदलेल!"

तेराव्या दिवशी पांढरी गाडी आली. भगवानभाई उतरले. हार घातलेलं आपलं नाव बघून त्यांचा चेहरा पडला. गाडीतून ओलं फडकं घेऊन ते तडक फळ्याकडे निघाले.

पुष्पाबाई आडव्या झाल्या. "हात लावू नका! पुसलं तर केस होई. नोटीसमा लिखेल शे."

"अहो बेन, नोटीस मीच पाठवलीय!"

"मग तुमले तर पाठच पाहिजे!"

गर्दी हसली. भगवानभाईंनी चिडून वकिलाला फोन लावला, पण बोट चुकून स्पीकरवर पडलं. वकिलाचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू गेला: "साहेब, पुसू नका, आपणच अडकू! केस लढायची तर फळा कोर्टात न्यावा लागेल. तिथं ती ओळ मोठ्यानं वाचतील. मग जज विचारतील, गटार झाली का? झाली का, साहेब?"

भगवानभाईंनी फोन बंद केला. मग खिशातून पेन काढून त्यांनी नोटिशीच्या पाठीवर लिहून दिलं: 'नोटीस मागे घेतली. फळ्याबद्दल काही तक्रार नाही.' सुवर्णाने ते दोनदा वाचलं, सही तपासली आणि मान डोलावली. तेव्हा कुठे पुष्पाबाई बाजूला झाल्या. भगवानभाईंनी स्वतःच्या हाताने फळा लख्ख पुसला आणि वाहत्या घाणीवरून बूट सांभाळत ते गाडीकडे उड्या मारत गेले.

योगराज हळूच म्हणाले, "आप्पा, फळा तुमचा. लिहा."

काळा, ओला, रिकामा फळा! लोटूआप्पांनी खडू उचलला. तीन वाक्यांनी एवढी मोठी गाडी दोनदा आपल्या दाराशी वळवली... नाही, एकदा वकिलाची मोटारसायकल आणि एकदा गाडी! आता लिहायचं तर किती जपून! कुणाची बदनामी नको, कुणाचं नाव नको. ज्यात कुणीच काही खोटं काढू शकणार नाही, अशी ओळ हवी. बराच वेळ विचार करून त्यांनी एकेक अक्षर ठळक गिरवलं:

'आज मंगळवार आहे.'

मग मागून उज्ज्वला शिंपीण हळूच म्हणाली, "आप्पा, आज बुधवार ना!"