वाव्हळांपासून चौथी

गंगाराम वाव्हळानं नव्या घराच्या भिंतीवर बादलीभर पाणी मारलं आणि भिंतीनं ते गटागट पिऊन टाकलं. लेकरू पोटभर जेवताना बघून बापाला वाटावं, तसं त्याला वाटलं.

"आणखी एक आण गं," तो बायकोला म्हणाला. "लई तहानलीय."

पदर खोचून खालच्या टाकीवरून पाणी वाहणारी दुर्गाबाई दारातच थबकली. "अवो, ताबा मिळायच्या आदी भिंत वाहून खाडीत जाईल."

"सिमेंट हाय, पापड न्हाई. जेवढं पाणी तेवढं पक्कं. कंत्राटदार कशाला मारतोय पाणी? त्याला राहायचंय व्हय इथं?"

नेरूळला रस्ता आणि खाडी यांच्या मधे एका ओळीत नऊ बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. नऊही सारख्या. अंगावर ना रंग, ना नंबर. साल चौऱ्याऐंशी. रबाळ्याच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या गंगारामला सोडतीत तीन नंबरच्या बिल्डिंगीतलं, पहिल्या मजल्यावर जिन्याजवळचं घर लागलं होतं. वाव्हळांच्या सगळ्या पिढ्यांत ज्याच्या नावावर पक्क्या चार भिंती होणार, असा हा पहिलाच माणूस. परभणीकडच्या गावात त्याच्या बापानं दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या, आणि पाणी लागल्यावर त्याच विहिरींपासून लांब उभा राहिला. हे सांगितलं की लोक खोकतात, विषय बदलतात. खोकू देत.

सोडतीची चिठ्ठी गंगारामला एवढ्यासाठी आवडली, की तिनं आडनाव विचारलं नव्हतं. आदल्या वर्षी ठाण्यात खोली शोधताना प्रत्येक दारानं विचारलं होतं. कमळाकर दाबके नावाचा एक कारकून तर स्वतः भाडेकरू असून पोटभाडेकरू शोधत होता. त्यानं दोघांना बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, आणि "वाव्हळ" ऐकताच कपाळावर हात मारला. "अरेच्चा, विसरलोच! सांगलीहून माझा भाचा यायचाय ना या खोलीत!"

"येऊ द्या," दुर्गाबाई म्हणाली होती. "पाणी तेवढं पिऊ, का तेबी भाच्यासाठी ठेवलंय?"

पाणी न पिताच दोघं उठली होती. खोलीवरची 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढं कितीतरी दिवस तशीच होती. भाचा काही आला नाही.

आता तीन नंबर कोणती, ते दाखवलं पंढरीनं. पंढरी शेजारच्या सारसोळे गावचा. ही जमीन त्याच्या बापाची. सरकारनं ती घेतली आणि पंढरीला तिच्यावरच राखणदार म्हणून बसवलं. याला विकास म्हणतात. पंढरीनं खाडीकडच्या टोकाकडं बोट केलं आणि तिथून मोजलं, "एक, दोन, तीन. ती बग दादूस, तुजी."

मग काय! सुट्टी आली की नवरा-बायको रबाळ्याहून निघायची आणि भिंतींना पाणी पाजायची. दुर्गाबाईनं गवंड्याकडून उरलेलं सिमेंट मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात माठासाठी ओटा बांधला. एवढा गुळगुळीत, की त्यावर हात फिरवला की घसरावा.

"गावात आपल्या माठाची जागा गावकुसाबाहेर," ती म्हणाली. "हितं घराच्या मदोमद."

गंगारामनं सुपरवायझरला विचारून पितळेचा एक भंगार तुकडा घेतला आणि त्यावर नाव कोरलं. 'गं. स.' बारीक. 'वाव्हळ' वीतभर उंच.

"एवढं मोठं?" दुर्गाबाई हसली. "आंधळ्याला बी वाचता येईल."

"आंधळ्यानं न्हाई वाचलं तरी चालंल. डोळसांनी वाचावं."

दारं बसली त्याच दिवशी त्यानं ती पाटी दाराला ठोकली. चांगले चार स्क्रू लावून.

ताब्याच्या दिवशी गंगाराम इस्त्रीच्या कपड्यांत, दुर्गाबाई माठ कडेवर घेऊन, असे जिना चढले, तर त्यांच्या दारात एक गृहस्थ पाटीकडं बघत उभा. हातात किल्ली. कमळाकर दाबके.

"ही पाटी इथं कोणी लावली?" दाबके ओरडले.

"मी," गंगाराम म्हणाला. "घर माझं हाय."

"तुमचं? ही सात नंबर आहे! साहेबांनी आत्ताच नकाशात दाखवली! माझी!"

"तीन नंबर हाय ही!"

आवाज ऐकून ताबा देणारे साहेब, रावसाहेब, नकाशा घेऊन वर आले. मागून पंढरी. रावसाहेबांनी चष्मा लावला. "ही सात नंबर. मोजणी रस्त्याकडून आहे."

"रस्त्याकडशी?" पंढरी भडकलाच. "रस्ता आला परवा! खाडी पयल्यापासून हाय. आमचा गाव खाडीशी सुरू व्हतं. आमचे आजानं तसाच मोजला, बापानं तसाच मोजला."

"नकाशात रस्त्याकडून आहे."

"नकाशा काडनारा रस्त्यानं आला आसंल, म्हनून!"

भानगड झाली होती ती एवढीच. पंढरीनं खाडीकडून मोजलेली तिसरी म्हणजे रस्त्याकडून सातवी. दाबक्यांनाही त्यानंच सातवी दाखवली होती, म्हणजे खरी तिसरी. मजला तोच, जिन्याजवळचं घरही तेच. सोडतीलाही विनोदबुद्धी असते.

सगळे मिळून खऱ्या तीन नंबरात गेले. तिथं दाबक्यांनी गवंड्याला सांगून देवासाठी संगमरवरी फरशीचा कोनाडा करून घेतला होता. भिंतींना मात्र कोणी थेंबभर पाणी दाखवलेलं नव्हतं. गंगारामनं किल्लीनं भिंत जराशी खरवडली, तर प्लास्टर रव्यासारखं भुरुभुरु खाली आलं. आयुष्यात एक घर मिळालं, आणि सगळा घाम जाऊन मुरला दुसऱ्याच्या भिंतीत! तोही कोणाच्या!

पंढरी खाली मान घालून बोलला, "माजी चूक झाली, दादूस. तू सगला पानी सातात वतला. वहिनीनं तिथं ओटा पन सोताचे हातानं बांदला."

दाबक्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे... माझ्या भिंतींना पाणी... यांनी?"

"व्हय," दुर्गाबाईनं माठ खाली ठेवला. "तांब्यानं न्हाई, बादल्यांनी. ओटा फोडता येईल तुमाला. पाणी कसं काढणार? ते आत मुरलंय."

गंगाराम रावसाहेबांकडं वळला. म्हणाला, "सायेब, अदलाबदलीची सोय हाय का?"

"दोघांची संमती असेल तर आत्ताच करतो. अर्जात कारण लिहावं लागेल."

"ऐका दाबकेसायेब. आमच्या हातचं पाणी तुमच्या भिंतीत नको असंल, तर हे घर तुमच्या संगमरवरासकट तुमी घ्या. ते आमच्या पाण्यासकट आमाला द्या. माझी सही तयार हाय. कारण तेवढं खरं लिहा."

दाबक्यांनी कोनाड्याकडं बघितलं. जमिनीवरच्या रव्याकडं बघितलं. मग तरातरा सात नंबरात गेले. सगळी वरात मागोमाग. त्यांनी भिंतीवर थाप मारली. ठोसा मारला. किल्लीनं खरवडून बघितलं. भिंतीवर ओरखडा नाही, किल्लीचंच टोक झिजलं. शिवाशिव आणि सिमेंट यांच्या कुस्तीत त्या दिवशी सिमेंट जिंकलं.

"छे हो!" दाबके हसले. "अदलाबदल कशाला? आम्ही कुठं असलं काही मानतो? कोणत्या जमान्यात आहात तुम्ही?"

"चौऱ्याऐंशीच्या," दुर्गाबाई म्हणाली. "तुमी बी आलात का? बरं झालं. भाच्याला बी घेऊन या."

पंढरी एवढा हसला, की त्याला जिन्यात बसावं लागलं.

गंगारामनं पाटीचे चारही स्क्रू काढले आणि पाटी छातीशी धरून जिना उतरला. तीन नंबरातलं सगळं प्लास्टर त्यानं खरवडून टाकलं आणि कारखान्यातल्या दोस्तांना घेऊन नव्यानं केलं. पंढरीनं पाणी मारायचं काम आपल्याकडं घेतलं. "ही भिंत मी पाजनार," म्हणाला. "मोजनी माजी, दंड माजा." दुर्गाबाईनं दुसरा ओटा बांधला, पहिल्याहून रुंद. आणि संगमरवरी कोनाड्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवून बघितली, तर ती अशी बरोबर बसली, जसा कोनाडा मापच देऊन करून घेतलेला.

पाटी मात्र या वेळी गंगारामनं दाराला लावली नाही. ओळीबाहेर आलेल्या गॅलरीच्या कठड्याला लावली, रस्त्याकडं तोंड करून. ऊन पडलं की पितळ असं झळकायचं, की बस थांब्यावरून लोक डोळ्यांवर हात धरायचे.

कंत्राटदार नऊ बिल्डिंगींना एकच पिवळा रंग फासून निघून गेला. नंबर टाकायचे राहिले ते राहिलेच. पोस्टमन चुकायचा, दूधवाला चुकायचा, पाहुणे दुसऱ्याच्याच घरी चहा पिऊन यायचे. पंढरीनं आता खाडीकडून मोजणं सोडलं होतं आणि रस्त्याकडून मोजणं त्याला मान्य नव्हतं. कोणी विचारलं की तो सरळ बोट करायचा, "ती पितलेची पाटी हाय ना, वाव्हलांची? तिथशी मोज." हळूहळू सगळी वस्ती तिथूनच मोजू लागली.

एका रविवारी गंगाराम गॅलरीत पाटी पुसत होता. समोर वाण्याच्या दुकानात वस्तीतला एकुलता एक टेलिफोन होता. त्यावर कोणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडत होतं. ट्रंक कॉल असला की घशाची शीर फुगेपर्यंत ओरडावंच लागतं.

"अरे, बसमधून उतरलास की समोर पाटी दिसेल! वाव्हळ! ... नाही रे, वाव्हळ! हो, आडनाव आहे! मोठी पाटी आहे! वाव्हळांपासून पुढं चौथी बिल्डिंग! कोणालाही विचार, वाव्हळ कुठं राहतात म्हणून! ... अरे, मामी वाट बघतेय, सांगलीहून रात्रीचीच गाडी पकड!"

दुर्गाबाई हात पुसत गॅलरीत आली. खाली घामाघूम झालेल्या दाबक्यांकडं तिनं डोळे मोठे करून बघितलं.

"अगंबाई!" ती म्हणाली. "अवो, भाचा खरंच हाय की!"